छत थंड ठेवायचं तर आभाळ दिसलं पाहिजे : वाचकांचे प्रश्न

वीज न वापरता छताची उष्णता थेट आभाळात सोडायची, या 'रेडिएटिव्ह कूलिंग' तंत्रावर मागच्या अंकात टिपण आलं होतं. वाढत्या तापमानाला ते कितपत उत्तर आहे, हाही त्यातला एक मुद्दा होता. त्यावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं गाळून फक्त ठिकाणं ठेवली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

भर उन्हात ठेवलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहते, असं तुम्ही लिहिलंत. पंखा नाही, वीज नाही, पाणी नाही. हे ऊर्जेच्या नियमात बसतं कसं?
– विद्यार्थिनी, शाहूपुरी

बसतं. उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते, हा नियम इथेही पाळला जातो. फक्त इथे गार म्हणजे छताभोवतीची हवा नव्हे, तर हवेच्या पलीकडचं उणे २७० अंशांचं अवकाश. २७ अंशांवरचा चांगला उत्सर्जक पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे ४६० वॉट उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात सतत बाहेर टाकत असतो. त्यातली बरीचशी भरपाई लगेच होते, कारण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हेही आपल्याकडे किरणं टाकत असतात. मात्र ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात कोरडी हवा जवळपास पारदर्शक असते, आणि आपल्या रोजच्या तापमानाच्या वस्तू सर्वाधिक किरणं टाकतात त्या नेमक्या याच पट्ट्यात, ९.७ मायक्रोमीटरच्या आसपास. या खिडकीतून गेलेली उष्णता परत येत नाही. वजाबाकी केली की कोल्हापुरात जानेवारीतल्या निरभ्र, कोरड्या रात्री चौरस मीटरला अंदाजे ८० ते ९० वॉट निव्वळ बाहेर जातात. आषाढातल्या ढगांखाली जेमतेम १०-१५.

रात्री हे आपोआप घडतं. थंडीत पहाटे गाडीच्या टपावर दव दाट असतं आणि दारांवर विरळ, कारण टप आभाळाकडे तोंड करून असतो आणि दार समोरच्या भिंतीकडे. याच युक्तीवर आपल्या देशात बर्फ तयार केला जात असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची पद्धत कळवली होती: मोकळ्या माळावर सुमारे ३० फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्डा, तळाला आठ इंच ते फूटभर उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडं, त्यावर मातीची उथळ, बिनझिलईची भांडी आणि त्यात संध्याकाळी भरलेलं उकळून गार केलेलं पाणी. चिपाडांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, पाणी वरून आभाळाला उष्णता देत राही. भांडी झिरपणारी असल्यानं बाष्पीभवनाचाही हातभार लागे. यात विकिरणाचा वाटा किती, हे १८१४ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांच्या दवावरच्या निबंधानंतर स्पष्ट होत गेलं.

खरी अडचण दिवसाची. दुपारी ऊन चौरस मीटरला ९०० ते १००० वॉट ओततं आणि आभाळात जातात फार तर १०० वॉट. म्हणजे ऊन ९० टक्क्यांहून जास्त परतवलं, तरच वस्तू हवेपेक्षा थंड होईल. ते २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन आणि शानहुई फान यांच्या गटानं करून दाखवलं. चांदीच्या थरावर सिलिका आणि हाफनियम ऑक्साइडचे मिळून सात पातळ थर, ९७ टक्के ऊन परत, आणि साडेआठशे वॉटच्या उन्हात हवेपेक्षा सुमारे ५ अंश कमी तापमान. पुढे २०१७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात काचेचे सूक्ष्म गोळे मिसळलेली ५० मायक्रॉनची प्लास्टिक फिल्म झाली आणि २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात बेरियम सल्फेटचा ९८ टक्के ऊन परतवणारा रंग.

आमच्या तीन मजली घराचा स्लॅब एप्रिलमध्ये रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. वरच्या खोलीत झोपवत नाही. पेंटर 'कूल रूफ पेंट' सुचवतो, शेजारी चुना म्हणतात, एका दुकानदारानं तो पर्ड्यूचा रंग घरीच बनवा म्हणून बेराइट पावडर दाखवली. काय करावं? गच्ची साधारण हजार चौरस फूट आहे.
– गृहिणी, राजारामपुरी. असेच प्रश्न उचगाव आणि जयसिंगपूरहून

बेराइट पावडरीचं आधी उरकतो: आणू नका. बेराइट म्हणजे बेरियम सल्फेटचं खनिज. बेरियम सल्फेट अतिनील किरणं शोषत नाही, हा त्याचा गुण. नेहमीच्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड ती शोषतं, म्हणून तो रंग नव्वदीच्या आसपास अडकतो. पण बेरियम सल्फेटची प्रकाश विखुरण्याची ताकद टायटॅनियमपेक्षा बरीच कमी आहे. ती भरून काढायला पर्ड्यूच्या रंगात आकारमानानं ६० टक्के पावडर घातली होती आणि थर ४०० मायक्रॉनचा दिला होता. बादलीत ढवळून हे साधत नाही. पावडर इतकी वाढली की कणांना धरून ठेवायला चिकटद्रव्य पुरत नाही आणि बोट फिरवलं तरी पांढरं निघतं. शिवाय बाजारातल्या बेराइटमध्ये लोहाचा अंश असतो, त्यानं रंग पिवळट पडतो.

चुना आणि अॅक्रिलिक रंग हे दोन्ही चांगले पर्याय आहेत. दोन्हींची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते, म्हणजे आभाळात उष्णता सोडण्यात ते महागड्या फिल्मच्या फार मागे नाहीत. फरक पडतो तो ऊन परतवण्यात. जुना काळवंडलेला स्लॅब दुपारी ६५ ते ७० टक्के ऊन पितो, ताजा पांढरा थर १५ ते २०. त्यामुळे स्लॅब हवेपेक्षा थंड होत नाही, हे आधीच समजून घ्या. पण २०-२५ अंशांनी जास्त तापायचा तो ५-८ अंशांनी तापेल. तुमची रात्रीची तक्रार मुख्यतः दिवसा साठलेल्या उष्णतेची आहे. ती साठूच दिली नाही की प्रश्न बराच सुटतो.

चुन्याचं प्रमाण असं: कळीचा चुना १० किलो, पाणी ५० लिटर. लोखंडी पिंपात आधी थोडं पाणी घ्या आणि कळी हळूहळू सोडा. मिश्रण उकळतं, म्हणून प्लास्टिकची बादली नको, डोळ्यांवर चष्मा हवा आणि मुलं लांब. उरलेलं पाणी घालून २४ तास मुरू द्या, जाड कापडातून गाळा आणि दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. चुना धरावा म्हणून मीठ घालण्याची पद्धत आहे, ती आरसीसी स्लॅबवर टाळा; मिठातलं क्लोराइड सळईपर्यंत पोचलं तर गंज धरतो. आणि नीळ घालू नका. निळीनं चुना डोळ्यांना जास्त पांढरा भासतो, पण ती पिवळा-तांबडा प्रकाश शोषते, म्हणजे छताला तेवढं ऊन जास्त पाजते. एवढ्या चुन्यात हजार फुटांवर तीन हात बसतात, खरबरीत कोब्यावर दीडपट माल लागेल. हा थर एका पावसाळ्यात बराच धुऊन जातो. दरवर्षी करायची तयारी हवी.

अॅक्रिलिक रंग चार-पाच वर्षं टिकू शकतो. मात्र तो फसतो तो बहुतेकदा बादलीतल्या पाण्यामुळे. हिशेब सोपा आहे. सुकल्यावर ३०० मायक्रॉनचा थर हवा. रंगात घन भाग आकारमानानं निम्मा धरला तर चौरस मीटरला ०.६ लिटर रंग लागतो. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे ५६ लिटर. पेंटर एका २० लिटरच्या बादलीत पाणी मारून सगळी गच्ची उरकतो, तेव्हा थर जेमतेम १०० मायक्रॉनचा बसतो. खालचा करडा स्लॅब त्यातून ऊन पीतच राहतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात थराचे पापुद्रे निघतात. म्हणून मजुरी ठरवताना 'दोन हात' असं ठरवू नका, किती लिटर लागणार ते ठरवा आणि रिकाम्या बादल्या मोजून घ्या. विकत घेताना परावर्तन आणि उत्सर्जकता हे दोन आकडे वेगवेगळे मागा. तीन वर्षांनंतरचा परावर्तनाचा आकडा छापलेला असेल, तर ताज्या आकड्यापेक्षा त्यावर भरवसा ठेवा.

रंगाआधी ओल तपासा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप मारून स्लॅबवर रात्रभर, किमान १६ तास, चिकटवून ठेवा. खाली पाण्याचे थेंब जमले किंवा स्लॅब गडद झाला, तर वर लावलेल्या रंगाला फुगे येणारच. गळती बुजवा, शेवाळ खरवडा, पाणी साचणाऱ्या जागांना उतार द्या. साचलेल्या पाण्याखाली कुठलाच अॅक्रिलिक रंग टिकत नाही. पहिला हात आणि दुसरा हात एकमेकांना आडवे मारा, मध्ये चार ते सहा तास जाऊ द्या, आणि भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर ब्रश टेकवू नका. वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतलं पाणी अडकतं.

मुहूर्त म्हणाल तर पाडव्याच्या सुमाराचा. गाळप हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी काळी राख आपल्याकडे गच्चीगच्चीवर पडते. दिवाळीनंतर रंगवलेलं छत मार्चपर्यंत करडं झालेलं असतं. हंगाम संपला की धुऊन घ्या, मग रंगवा. पुढच्या वर्षी नुसतं धुतलं तरी पुष्कळ.

जुन्या घरांच्या गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक असतं. ते शाबूत असेल तर हात लावू नका, घासून धुवा. इतकं टिकाऊ थंड छत दुसरं नाही. नव्यानं करायचं तर मात्र खालच्या विटांच्या कोब्याचं वजन चार इंच जाडीला चौरस मीटरमागे दीडशे किलोच्या वर जातं, म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

आमच्या मशीन शॉपवर नवा, न रंगवलेला गॅल्व्हल्यूम (जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला) पत्रा आहे. चकाकतो, म्हणजे ऊन परतवत असणार. लेझर गननं आतून पत्रा मोजला तर ३५ अंश दाखवते, पण दुपारी कामगार उभे राहू शकत नाहीत. गन खराब आहे का?
– लघुउद्योजक, शिरोली एमआयडीसी

गन ठीक आहे, ती जे बघते आहे ते पत्र्याचं तापमान नाही. या गन ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातली किरणं मोजतात आणि समोरची वस्तू ०.९५ उत्सर्जकतेची आहे असं धरून आकडा दाखवतात. उघड्या चकचकीत पत्र्याची उत्सर्जकता ०.१ ते ०.२ एवढीच. तो स्वतःची किरणं थोडी टाकतो आणि समोरच्यांचीच जास्त परतवतो. खालून गन रोखलीत तेव्हा तुम्ही कारखान्याच्या जमिनीचं आणि मशिनांचं तापमान वाचलंत. वर चढून त्याच पत्र्यावर रोखलीत तर हवेपेक्षाही कमी आकडा दिसेल, कारण तेव्हा आभाळाचं प्रतिबिंब वाचलं जाईल. उपाय: पत्र्याच्या आतल्या बाजूला कागदी मास्किंग टेपचा तळहाताएवढा चौकोन घट्ट चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि गन टेपच्या जवळ नेऊन टेपवरच रोखा. गन लांब असेल तर तिचा मोजणीचा गोल टेपच्या बाहेर जातो आणि आकडा पुन्हा चुकतो. मे महिन्यात दुपारी हा आकडा ५५-६० च्या घरात आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता पत्रा एवढा तापतो का, ते. तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, नवा असताना ६५-७० टक्के. पण उरलेलं जे पितो, ते आभाळात सोडायचा मार्ग त्याला नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. म्हणून पत्र्याची वरची बाजू पांढरी करा आणि खालची उघडी, चकचकीतच ठेवा. खालची कमी उत्सर्जकता तुमच्या फायद्याची आहे. हौसेनं आतूनही पांढरा रंग मारलात तर तापलेला पत्रा कामगारांच्या डोक्यावर जास्त किरणं टाकू लागेल.

रंग बसण्यासाठी पत्रा साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा जाईपर्यंत धुवा आणि जस्ताच्या पत्र्यासाठी असलेला वॉश प्रायमर लावा. नेहमीचा तेलाच्या जातीचा रेड ऑक्साइड थेट लावू नका. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंग पत्रा सोडून निघतो. स्क्रूचे वॉशर कडक झाले असतील तर त्याच फेरीत बदला. चढणाऱ्यानं पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारांच्या, ओळीवरूनच चालायचं, पट्टा बांधायचा आणि उजेडासाठी बसवलेल्या फायबर शीटवर चुकूनही पाय ठेवायचा नाही. रंगवल्यावर ती शीट इतर पत्र्यांसारखीच दिसू लागते, म्हणून तिच्या कडांना आधी लाल पट्टा मारा.

याच पत्रात शेजारच्या फाउंड्रीचं विचारलं आहे. भट्टीच्या भागावर रंगाचा खर्च करू नका. तिथली उष्णता वितळलेल्या धातूची आहे, छताची नाही. तिला वर जायला मोठी वाट आणि खाली गार हवेला आत यायची वाट हवी. वर वाळूची धूळ आणि काजळी बसून पांढरा रंग महिन्याभरात करडा होतो तो वेगळाच. पॅटर्न स्टोअर, मशीन शॉप, ऑफिस एवढं रंगवा.

गोठ्यावर पत्रा आहे, दहा म्हशी आणि चार एचएफ गाई. उन्हाळ्यात जनावरं धापा टाकतात, दूध उतरतं. पत्र्याला चुना मारला तर चालेल?
– दूध उत्पादक, करवीर तालुका

सिमेंटच्या पत्र्याला चालेल. जस्ताच्या किंवा गॅल्व्हल्यूम पत्र्याला नको. ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातो, आणि चुन्याचा थर गुळगुळीत पत्र्यावर टिकतही नाही. तिथे प्रायमर आणि अॅक्रिलिक रंग, वर सांगितल्याप्रमाणे.

पैसे नसतील तर पाचट. उसाचं वाळलेलं पाचट पत्र्यावर अर्धा फूट जाडीनं पसरा आणि जुन्या जाळीनं बांधा. हे विकिरणाचं तंत्र नाही, सावली आणि अटकाव आहे, पण दुपारच्या वेळी त्याचा गुण पांढऱ्या रंगाच्या तोडीचा येतो. दोन धोके आहेत. पाचट पेट घेतं, त्यामुळे वायरिंग आणि चूल लांब हवी. आणि पावसाळ्याआधी ते उतरवलं नाही तर खाली ओल धरून पत्रा सडतो. रात्री पाचट छताची उष्णता आभाळात जाऊ देत नाही, हेही खरं. म्हणून गोठ्याच्या बाजू मोकळ्या ठेवा.

म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी कमी. तिला छताइतकीच पाण्याची गरज असते. दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा आणि पंखा लावा. जमत असेल तर रात्री जनावरं मोकळ्या अंगणात बांधा. अंगणात जनावराची पाठ सरळ आभाळाला उष्णता देते, पत्र्याखाली ती पत्र्यालाच देते आणि पत्र्याकडून परत घेते.

संकलन केंद्रावर रोज हजार लिटर दूध येतं. बल्क कूलरचं वीजबिल आणि जनरेटरचं डिझेल परवडत नाही. रेडिएटिव्ह पॅनेलवर दूध थंड करता येईल का?
– दूध संस्थेचे सचिव, कागल तालुका

थेट नाही. आकडे बघा. हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायला सुमारे ३५ युनिट उष्णता काढावी लागते. पॅनेलनं चौरस मीटरला सरासरी ५० वॉट काढले आणि तुम्हाला तीन तासांत काम हवं असेल, तर २३० चौरस मीटर पॅनेल लागेल. तेही केवळ कागदावर, कारण वस्तू जसजशी हवेपेक्षा थंड होते तसतशी हवा तिला ऊब देऊ लागते आणि ५० वॉट कधीच संपून जातात. ४ अंश गाठणं आपल्या हवेत शक्य नाही.

पहिला टप्पा मात्र जमण्यासारखा आहे. दूध ३५ वरून २५ वर आणायचं तर साधारण ११ युनिट. हे काम रात्री थंड करून ठेवलेलं पाणी करू शकतं. दहा तासांच्या निरभ्र रात्रीत चौरस मीटरला अर्धा युनिट धरलं, तर २२-२३ चौरस मीटर, म्हणजे जवळपास २४० चौरस फूट पृष्ठभाग पुरतो. पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा रात्रभर लहान पंपानं फिरवायचा, खाली पन्हळीत गोळा करायचं आणि थर्मल इन्सुलेशन केलेल्या टाकीत साठवायचं. पाणी पाच अंश गरम होऊ द्यायचं ठरवलं तर टाकी २००० लिटरची हवी. सकाळी प्लेट कूलरमध्ये एका बाजूनं दूध, दुसऱ्या बाजूनं हे पाणी. उघड्या पापुद्र्यातून बाष्पीभवनही होतं, त्यामुळे प्रत्यक्षात थंडावा थोडा जास्तच मिळतो. चिपाडाची राख आणि पालापाचोळा पंपात जाऊ नये म्हणून जाळी लावा आणि पाणी आठवड्याला बदला, नाहीतर प्लेटांवर चिकट थर चढतो. संध्याकाळच्या संकलनाला याचा उपयोग अर्धाच, कारण टाकी तोवर ऊब धरते.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट. संस्थेजवळ विहीर असेल तर तिच्या पाण्याचं तापमान मोजा. ते २५ च्या आसपास असेल तर प्लेट कूलर विहिरीलाच जोडा, छताचा खटाटोप वाचेल.

आमच्या लूमच्या शेडवर जुने सिमेंट पत्रे आहेत. जेटनं धुऊन पांढरे केले तर?
– यंत्रमागधारक, इचलकरंजी

पांढरे करा, जेटनं धुऊ नका. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. जोराच्या पाण्यानं किंवा तारेच्या ब्रशनं त्याचे तंतू सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. पत्रा साध्या पाइपनं भिजवा, मऊ ब्रशनं शेवाळ काढा, वाहून आलेलं पाणी गटारात जाऊ न देता कापडातून गाळा आणि ते कापड ओलं असतानाच पिशवीत बंद करा. वर अॅक्रिलिकचा जाड थर बसला की तंतूही दबून राहतात. पत्र्यावर थेट उभं राहू नका, लाकडी फळ्या टाका.

गगनबावड्याला पाऊस कायम. आमच्याकडे फिल्म लावून काही फायदा?
– हॉटेल व्यावसायिक

महागड्या फिल्मसाठी नाही. तुमच्याकडे ढग आणि बाष्प वर्षातले निदान चार-पाच महिने ती खिडकी बंद ठेवतात, आणि तेव्हा थंडाव्याची गरजही नसते. मार्च ते मे एवढ्यासाठी पांढरा रंग पुरे. पैसे शेवाळ रोखणाऱ्या रंगावर घाला. हिरवं झालेलं पांढरं छत म्हणजे पुन्हा गडद छत.

जागतिक तापमानवाढीवर हे उत्तर आहे, असं म्हणणं अति नाही का?
– निवृत्त प्राध्यापक, ताराबाई पार्क. अशाच आशयाची आणखी पत्रं

'हे एकटंच उत्तर' म्हटलं तर अति आहे. पृथ्वी सूर्याकडून घेते त्यापेक्षा चौरस मीटरला साधारण एक वॉट कमी परत पाठवते आहे, हाच सगळा बिघाड. संशोधक जेरेमी मंडे यांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला होता: चौरस मीटरला १०० वॉट आभाळात पाठवणारे पृष्ठभाग पृथ्वीच्या एक-दोन टक्के भागावर अंथरले तर तोल सावरेल. एक टक्का म्हणजे ५१ लाख चौरस किलोमीटर. भारताचं क्षेत्रफळ ३३ लाखांच्याही खाली आहे. दीड भारत चांदीच्या फिल्मनं झाकायचा, वर तो धुळीपासून स्वच्छ ठेवायचा, हे कुणी करणार नाही. आणि उद्या केलं तरी कार्बन डायऑक्साइड वाढतच राहिला तर त्याची शोषणाची बाजू खिडकीच्या १३ मायक्रोमीटरकडच्या कडेवर सरकत राहते. खिडकीच अरुंद करत नेणाऱ्या वायूवर खिडकीतून उपाय, असा हा प्रकार होईल.

छतांपुरतं बोलायचं तर आकडा उपयोगी आहे. हाशेम अकबरी, सुरभी मेनन आणि आर्थर रोझेनफेल्ड यांनी २००९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार १०० चौरस मीटर गडद छत पांढरं केलं की तेवढ्यानं परत गेलेलं ऊन सुमारे १० टन कार्बन डायऑक्साइडच्या तापवण्याला भरून काढतं. हे एकदाच मिळणारं आहे, दरवर्षी नाही, आणि छत पांढरं असेपर्यंतच. आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. एसी खोलीतली उष्णता गल्लीत फेकतो आणि विजेची मागणी वाढवतो. थंड छत उष्णता गल्लीत न टाकता आभाळात टाकतं. ज्या घरात एसी परवडत नाही, तिथेही ते चालतं. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे त्यात थंड छतांची मोहीम जोडली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. उन्हाच्या लाटेत माणसं जगवण्याचं साधन म्हणून हे तंत्र आजच वापरण्याजोगं आहे. उत्सर्जन कमी करण्याला मात्र ते पर्याय नाही.

शाळेत मुलांना हे दाखवता येईल असा प्रयोग सांगा.
– विज्ञान शिक्षक, पन्हाळा

डिसेंबर-जानेवारीतली निरभ्र, वारा नसलेली रात्र निवडा. दोन सारखे थर्माकोलचे खोके घ्या, भिंतींची जाडी ५ सेंटिमीटर. प्रत्येकात उथळ ताट आणि ताटात एक सेंटिमीटर पाणी. तोंडावर पातळ पारदर्शक पॉलिथिन ताणून चिकटवा, पाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर. काच किंवा अॅक्रिलिकचं झाकण चालणार नाही, ती या किरणांना भिंतीसारखी अडवतात. पॉलिथिन जाऊ देतं. एक खोका मोकळ्या गच्चीच्या मधोमध, दुसरा पत्र्याच्या छपराखाली. दोन्ही टेबलावर ठेवा, जमिनीवर नको. थर्मामीटरचा फुगा पाण्यात पूर्ण बुडलेला हवा. सूर्यास्तापासून दर अर्ध्या तासानं दोन्ही पाण्यांचं आणि हवेचं तापमान लिहा.

एक सेंटिमीटर पाण्यातून चौरस मीटरला ६० वॉट जात असतील तर सुरुवातीला तासाला पाच अंशांच्या आसपास उतार यायला हवा. खोका आणि पॉलिथिन थोडी ऊब देत असल्यानं तीन-चार दिसेल आणि पुढे वेग मंदावेल. ताट काळं रंगवायची गरज नाही. अवरक्त किरणांत पाणी स्वतःच जवळपास काळं असतं आणि रात्री रंगाचा काही संबंध राहत नाही. मुलं हमखास विचारतील, म्हणून गच्चीवरच्या खोक्यात पांढरं ताट ठेवा आणि शेजारी काळ्या ताटाचा तिसरा खोकाही करा.

फसतं ते बहुधा मध्यरात्रीनंतर. पॉलिथिनवर दव बसलं की थेंबांची चादर किरणं अडवते, आणि दव बनताना सुटलेली उष्णता झाकणालाच मिळते. आकडे तिथे थबकतात. म्हणून नोंदी दहा-साडेदहापर्यंतच घ्या. त्याच दिवशी लेझर गन मिळाली तर सूर्यास्तानंतर ती सरळ वर आभाळावर रोखा, मग हळूहळू क्षितिजाकडे आणा. डोक्यावर शून्याच्या बरंच खाली गेलेला आकडा क्षितिजाकडे येताना चढत जातो, कारण तिकडे हवेचा थर जाड असतो. ढगाचा तुकडा आला तर त्यावर रोखून बघा. दिवसा हे करू नका. गन सूर्याकडे गेली तर तिचा सेन्सर खराब होतो.

भिंतींनाही हाच रंग लावावा का?
– वाचक, कसबा बावडा

पश्चिमेच्या भिंतीला पांढरा रंग द्यायला हरकत नाही, तेवढं ऊन परत जाईल. पण भिंतीला अर्धंच आभाळ दिसतं, उरलेल्या अर्ध्यात तापलेला रस्ता आणि समोरची इमारत असते, आणि तीही तिच्याकडे उष्णता टाकत असतात. आभाळात उष्णता सोडण्यासाठी म्हणून महाग रंग भिंतीवर वाया जातो. त्या पैशात पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटांचे छज्जे काढून घ्या.